बाळाकडे न बघणाऱ्या बाई

खडकीच्या आमच्या डॉक्टरीणबाई बाळंतिणीच्या घरी आल्या की बाळाकडे बघतच नसत. पाळण्यावरून सरळ पुढे जाऊन बाळंतिणीच्या कॉटवर बसत. "त्याला बघायला अख्खं पुणं येतंय, मी हिला बघायला आलेय," म्हणत. घरातल्या मोठ्या बायकांना हे मुळीच आवडत नसे. पण आसपासची निम्मी पोरं बाईंच्याच हातची, त्यामुळे बोलायची कोणाची टाप नव्हती.

तोंड भलतं फटकळ. नवरा दवाखान्याबाहेर घुटमळला की म्हणत, "आत या. हे काही हिने एकटीने केलेलं नाही."

मी तेव्हा हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत होते. मुलगी झाली आणि चार-पाच दिवसांतच माझं काहीतरी बिनसलं. झोप उडाली. मुलगी रडली की वाटे, ही दुसऱ्याच कोणाची तरी आहे. सासूबाईंनी दृष्ट काढली, आईने कान बांधले. दोघी बिचाऱ्या जीव तोडून करत होत्या. मी डिंकाचे लाडू खात हसत होते आणि मनात म्हणत होते, मी नसले तर या पोरीचं बरं होईल.

बारशाला बाई आल्या. बायका बाहेर पाळण्याभोवती, आणि बाई आतल्या खोलीत माझ्यापाशी. हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "जीव द्यावासा वाटतो का गं?"

मी हो म्हटलं. कोणीतरी विचारलं, याचंच इतकं बरं वाटलं की मी ढसाढसा रडले.

त्यांनी सासूबाईंना आणि नवऱ्याला आत बोलावलं. "हिच्यात खोट नाही, तुमच्या करण्यातही नाही. गरोदरपणात काही संप्रेरकं मेंदूला थोपटत असतात. बाळंतपणानंतर ती एकदम उतरतात. बहुतेकजणी सावरतात, काहींना जमत नाही. का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण औषध आहे. हिला एकटं सोडायचं नाही, आणि आत्ताच मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं. मी फोन करते."

"म्हणजे येरवड्याला?" सासूबाईंचा चेहरा उतरला.

"नाही हो, डेक्कनला. रिक्षा जाते."

"आणि एवढे पाहुणे जेवायचेत ते?"

"मी वाढते," बाई म्हणाल्या. आणि खरंच, पदर खोचून त्यांनी आमच्याकडची पंगत वाढली. सासूबाई माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

औषध लागू पडायला वेळ लागला. मग एका सकाळी मुलगी रडली आणि मी काही विचार न करता तिला उचलून घेतलं. बाईंना सांगायला गेले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच हात पुढे केले. "हं, आता दाखव तुझी पोरगी." बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "नाक तुझंच घेतलंय. चालायचंच."

बाई आता नाहीत. माझ्या मुलीला आई आहे ती त्यांच्यामुळे, हे मात्र मी रोज मनात म्हणते.

परवा ऑफिसातल्या एका मुलीकडे गेले होते, नुकतीच बाळंत झालेली. तिने हसून पाळण्याकडे बोट दाखवलं.

"त्याला मग बघते," मी तिच्याजवळ बसत म्हटलं. "तू कशी आहेस?"

तिचं हसू तसंच राहिलं, आणि डोळे भरून आले.