रडणाऱ्याची वाट

"जरा सबर करा, विचारून सांगतो." लातूरच्या आमच्या गल्लीत इंटरनेट पुरवणारे चाचा फोन उचलला की हेच म्हणायचे. तुमचा इंटरनेटवाला कधी कुणाला विचारतो का हो? आमचे विचारायचे.

मी मुलींचं वसतिगृह चालवते. क्लासची ऑनलाइन टेस्ट आली की मुलींना वेग हवा, आणि नेमकी तेव्हाच समोरच्या गुरुजींची मॅच. मग चाचा गुरुजींना फोन लावणार.

"गुरुजी, तासभर तुमचा वेग पोरींना देऊ का? मॅच जरा धुरकट दिसंल."

"अन् कोण आउट झालं ते कसं कळावं?"

"मी सांगतो की फोन करून!"

आणि खरंच सांगायचे. एकदा भलत्यालाच आउट केलं, तर गुरुजी आठवडाभर फुगून बसले.

पण सगळ्यांना वाटून झालं तरी थोडी लाइन ते मोकळीच ठेवत. मी भांडले, "चाचा, माझ्या पोरींची टेस्ट अडकून राहिली अन् तुम्ही हे कुणासाठी झाकून ठेवलंय?"

"ती रडणाऱ्याची वाट हाय, ताई. तिला हात न्हाई लावायचा."

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सकाळी ते टेलिफोन बूथवरून बहिणीच्या गावाला फोन लावत राहिले होते. लाइन गच्च. पोचले तेव्हा तिची माती उरकली होती. हे मला चाचींनी सांगितलं. पुन्हा भांडायला माझी जीभ उचलली नाही.

पुढं हृदय थकलं म्हणून चाचांनी धंदा दुसऱ्याला दिला. त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं. चाची लकव्यानं अंथरुणावर, त्यांना नेणार कसं? शेवटी मुलानं तिकडून व्हिडिओ कॉल लावला. मी चाचींच्या घरी जाऊन त्यांच्यापुढं मोबाइल धरला. चाचांचा चेहरा आला आणि तसाच अडकला.

मी नव्या मालकाला फोन केला.

"मॅडम, टेस्टची वेळ आहे. आता सगळं मशीनच ठरवतं, विनंती चालत नाही."

मोडलं तुझं मशीन, मेल्या! मी दारात जाऊन ओरडले, "गुरुजी, मॅच बंद करा! चाचा चाचींशी बोलून राहिलेत!" गुरुजींच्या मॅचचा आवाज बंद झाला. शेजारी वसतिगृहाच्या माडीवर माझ्या पोरींनी ऐकलं आणि टेस्ट अर्धी सोडली.

चेहरा हलला. चाचा चाचींकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "लाइन कुणी सोडली?"

"सगळ्यांनी," चाची म्हणाल्या.

"विचारलं का त्यांना?"

दुसऱ्या दिवशी चाचा गेले. ती मॅच कोण जिंकलं, हे गुरुजींनी अजून कुणाला विचारलेलं नाही. ते सांगायला चाचांचा फोन यायचा.