आयरिश बाटलीची शेतातली चाचणी

डिसेंबरचा शेवटचा रविवार. जागा: राजूरच्या अलीकडचं आमचं शेत, लिंबाखाली. हजर: मी, आमचे हे, माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, आणि या दोघांची मुलगी, जी आयर्लंडहून सुट्टीवर आली होती आणि बुधवारी परत जाणार होती. त्या दिवशी संकष्टी नाही हे भाऊजींनी कॅलेंडर दोनदा पाहून पक्कं केलं होतं. राजूरचा गणपती जवळच, आणि आमच्या सतरंजीवर व्हिस्कीच्या तीन बाटल्या.

ज्यांना इथंच तोंड वाकडं करायचंय त्यांनी करून घ्यावं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, नोकरी करते, घर चालवते आणि थंडीच्या दिवसांत दोन बोटं व्हिस्की घेते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही म्हणून मीही बोलत नव्हते. आता लिहूनच टाकते.

प्रकरण आदल्या दिवशीचं. भाऊजींचं जालन्यात सळईचं दुकान आहे. त्यांच्या घरी धंद्यातले दोघं पाहुणे बसले होते. पुतणीने बापासाठी आणलेली बाटली पुढे ठेवली: आयरिश, सिंगल माल्ट. ती तिकडे औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. बाटली तिने स्वतःच्या पगारातून घेतली होती आणि स्वतः चाखून घेतली होती, हे तिने सांगितलंही. भाऊजींनी मोबाइलवर किंमत शोधली, लेबल उलटसुलट पाहिलं, किती वर्षं मुरवलेली ते लिहिलेलं नाही म्हणून नाक मुरडलं आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "सस्तातली आणली गं. ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाक."

पाहुणे हसले. पुतणीने बाटली उचलली आणि आत नेऊन बॅगेत ठेवली. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होते. तिचा चेहरा पाहिला. बाटली बॅगेत गेली तशीच पोरही बुधवारी विमानात बसली असती, आणि पुन्हा या घरात तिने आवडीचं काही आणलं नसतं. मी तिला म्हटलं, "उद्या शेतावर घेऊन ये. तपासल्याशिवाय आपण काहीच नापास करत नाही."

हे मी उगीच म्हटलं नव्हतं. मी एका बियाणे कंपनीत चाचणी-प्लॉटचं काम बघते. नवा वाण आला की त्याचं नाव झाकायचं आणि नुसती खूण द्यायची. शेजारी सगळ्यांच्या ओळखीचा जुना वाण पेरायचा. त्याला आम्ही चेक म्हणतो. आणि एक वाण मुद्दाम दोन ठिकाणी लावायचा. मग शेतकऱ्यांना बोलावून मार्क द्यायला लावायचे. ज्याने त्या एकाच वाणाला दोन ठिकाणी वेगवेगळे मार्क दिले, त्याचे मार्क बाद. माणूस खोटा नसतो. त्या दिवशी त्याची नजर भरवशाची नसते, एवढंच. हा नियम मी कुणासाठी वाकवलेला नाही. त्यापायी मोठमोठे बागायतदार रुसून गेलेत.

रविवारी गोवऱ्यांची आगटी पेटवली, ज्वारीची कणसं भाजायला टाकली आणि मी चाचणीचं बोलले. भाऊजी समजुतीच्या सुरात म्हणाले की वहिनींनी कशाला त्रास घ्यावा, ते आणि दादा चाखून सांगतात की. मी म्हटलं, "दोघांचं मत म्हणजे चाचणी न्हाई भाऊजी, गप्पा. चार तोंडं लागतात."

त्यांनी चौथं तोंड शोधायला इकडेतिकडे पाहिलं. आगटीपाशी जाऊ गरम कणीस हातावर चोळून दाणे काढत होती.

"ही?" भाऊजी म्हणाले.

जावेने वर पाहिलं नाही. "भाजीतलं मीठ मीच चाखून राह्यले ना इतकी वर्षं? तवा हे तोंड चालतं व्हय?"

आमचे हे हसले आणि तिथेच ठराव पास झाला.

मांडणी माझी. ग्लास स्टीलचे, सगळे सारखे, म्हणजे आतला रंग कळत नाही. प्रत्येकापुढे चार, गळ्याला लोकरीचा धागा: पांढरा, लाल, पिवळा, निळा. ओतणारी एकटी पुतणी. कशात काय आहे ते फक्त तिला ठाऊक, म्हणून मार्क देण्यातून ती बाहेर. भाऊजींची कपाटातली महाग स्कॉच, आपल्याकडे कुठेही मिळणारी नेहमीची व्हिस्की चेक म्हणून, आणि आयरिश. यातली एक दोन ग्लासांत. कोणती ते तिने ठरवायचं. चाखण्याचा क्रम प्रत्येकाचा वेगळा, कारण पहिल्या ग्लासाला फुकटचा मान मिळतो, जसा बांधाकडेच्या ओळीला मिळतो. सोडा नाही, बर्फ नाही, चमचाभर पाणी चालेल. मधे तोंड पालटायला नुसता हुरडा. मार्क भाजलेल्या शेंगदाण्यांचे: ग्लासापुढे जास्तीत जास्त पाच दाणे ठेवायचे. एकमेकांचं पाहायचं नाही, म्हणून चौघांनी पाठीला पाठ लावून बसायचं.

तसे बसलो. बाजूच्या शेतातला माणूस बांधावरून जाताना थांबला, आम्हाला पाहिलं आणि रामराम न घालताच पुढे गेला. आम्ही काहीतरी विधी करून राह्यलो असं त्याला वाटलं असणार.

मला पहिला आला पांढरा. नाकाशी नेला आणि मोसंबीची साल नखाने खरवडल्यासारखा वास आला, मागून मध, आणि सगळ्यांत मागे मोड आलेलं धान्य वाळत घातल्याचा वास. हा शेवटचा मी झोपेतही ओळखीन, उगवण तपासण्याच्या आमच्या खोलीत तोच असतो. माल्ट म्हणजे तरी काय, मोड आणून वेळेवर थांबवलेला जव. जिभेवर हलकी, कुठेही न ओरबाडणारी. धूर अजिबात नाही. गिळल्यावर मिरीची चुणूक, आणि खेळ खलास. मी चार दाणे ठेवले. लाल: खारीक, जुनं लाकूड, गिळल्यावरही बराच वेळ घशात मुक्काम. चार. पिवळा म्हणजे आमचा रोजचा गडी, जळक्या साखरेचा, लपतो कसला. एक. निळा: गोडसर, पाणचट, सांगण्यासारखं काही नाही. दोन.

निळ्याच्या आधी मी हुरड्याबरोबर लसणाची चटणी खाल्ली होती. नुसता हुरडा हा नियम माझाच होता.

"झालं," मी म्हटलं, आणि आम्ही वळलो.

आमच्या यांच्या ग्लासांपुढे एकही दाणा नव्हता. विचारलं तर म्हणाले, मार्क ठेवले होते, पण विचार करता करता हात चालू राहिला. त्यांनी सगळे मार्क खाल्ले होते. आमच्या कंपनीत इतक्या वर्षांत असा परीक्षक आला नाही.

पुतणीने उलगडून सांगितलं. लाल पप्पांची स्कॉच. पिवळा नेहमीची. "पांढरा आणि निळा एकच. माझी."

सगळ्यांनी भाऊजींच्या दाण्यांकडे पाहिलं. पांढऱ्यापुढे एक, निळ्यापुढे चार. लालपुढे दोन. पांढरी मुलीचीच असणार असं त्यांनी ताडलं होतं, ते बरोबर निघालं. मग निळी ती आपली स्कॉच, असंही ताडलं होतं. म्हणजे त्यांनी व्हिस्कीला मार्क दिलेच नव्हते, आपल्या अंदाजाला दिले होते. नियमाने ते बाद.

माझेही पांढऱ्याला चार, निळ्याला दोन. भाऊजींनी बोट दाखवायच्या आत मीच म्हटलं, "माझे पण बाद." ते बोलताना मला मजा वाटली नाही. पण लसूण मी खाल्ला होता, ग्लासाने नाही.

उरली जाऊ. पांढऱ्यापुढे तीन, निळ्यापुढे तीन. लालपुढे चार. पिवळ्यापुढे काहीच नाही. तो ग्लास तिने उपडा करून ठेवला होता.

पुतणी आईकडे बघत राहिली. शनिवारपासून तिने असं कुणाकडे बघितलं नव्हतं. "मम्मी, तीनच?"

"तीन. वास चांगला हाये, घशाला लागत न्हाई. पण गिळली की मागं कायच राहत न्हाई." जावेने हातातलं तूस झटकलं. "पोरीनं आणली म्हणून चवथा दाणा टाकू का?"

"नको," पुतणी म्हणाली आणि हसायला लागली. मग सांगत सुटली, की तिकडेही लोक या व्हिस्कीला एवढंच मानतात. शुक्रवारी काम सुटल्यावर घ्यायची, मिरवायची नाही. तिला ती आवडली होती ती याचसाठी. बापाने हे शनिवारी विचारलं असतं तर शनिवारीच कळलं असतं.

भाऊजी एवढ्यावर सोडणारे नव्हते. "म्हंजे माझीच पहिली आली ना मंग?"

"आली," जाऊ म्हणाली. "पण तुम्ही तिला ओळखलं न्हाई. दोन दाणे दिले घरच्या बाईला."

यानंतर त्यांनी माझाच नियम मला ऐकवला: एका हंगामाच्या निकालावर कोणताही वाण पास होत नाही, वहिनी, तुम्हीच म्हणता. बराबर आहे. हे मी मान्य केलं, आणि आयरिशच्या उरलेल्या बाटलीच्या बुचावर टेप लावून ती जावेच्या कपाटात ठेवली. ट्रॅक्टरवाल्याला ती मिळणार नाही. त्याला हवी तर पिवळी आहे.

संध्याकाळी घरी येऊन मी अहवाल लिहिला. माझ्या सवयीप्रमाणे एकच पान. आयरिश सिंगल माल्ट, कमी खर्चातली. वास उत्तम, चव हलकी आणि स्वच्छ, शेवट आखूड. सोड्यात बुडवणाऱ्यांसाठी नाही. महागडीच्या खाली, नेहमीच्या बरीच वर. पुढच्या हुरड्याला पुन्हा चाचणी घ्यावी. परीक्षक चार, पैकी तिघांचे मार्क बाद, कारणांसह. यांच्या नावापुढे मी "दाणे खाल्ले" असंच लिहिलं आणि त्यांनी निमूट सही केली. जावेने सही केली. माझी झाली.

पुतणी बुधवारी गेली. जाताना म्हणाली, "मोठी आई, तो कागद मला खराखुरा पाठव. फोटो नको. मला तिकडे किचनमध्ये लावायचाय." मी पाठवते म्हटलं. पण सगळ्या परीक्षकांच्या सह्या झाल्याशिवाय मी अहवाल बाहेर सोडत नाही, आणि भाऊजींची राहिली होती. तिला कागद हवा होता तो त्याच सहीसाठी.

भाऊजींकडे मी दोनदा जाऊन आले. एकदा चष्मा दुकानात राहिला होता. एकदा गिऱ्हाईक बसलं होतं. "आखूड" हा शब्द काढा म्हणाले, मुलीच्या बाटलीला बरा दिसत नाही. शनिवारी तीच बाटली ट्रॅक्टरवाल्याला द्यायला निघालेल्या माणसाला आता एक शब्द खुपतो, हे मी ऐकून घेतलं. शब्द काढला नाही.

येत्या संकष्टीला ते राजूरला रांगेत असतील, आणि रांग सोडून त्यांना कुठे जाता येत नाही. कागद पर्समध्ये आहे, पेनही आहे. सही बाकी आहे.