नेट गेलं, गड्या

करक चहातल्या वेलचीचा वास आला की ती पहाट आठवते. इथं आखातात अल रय्यानहून वेस्ट बेला नेणारी आमची कामगारांची बस आमच्याच तालुक्यातला एक जण चालवायचा. समोरच्या मोबाइलवर तालुक्याच्या रेडिओचा सकाळचा कार्यक्रम लागलेला असायचा. आधी गाणी, मग गावोगावच्या निधनवार्ता. त्या दिवशी निवेदिकेनं त्याच्या गावाचं नाव घेतलं, पाठोपाठ त्याचंच आडनाव, आणि शेजारी बसलेल्या मी झटकन मोबाइल बंद केला. “नेट गेलं, गड्या.” तो रस्त्याकडेच बघत म्हणाला, “काल घरी कुणीच फोन उचलला नाही.” मागे चाळीस माणसं डुलक्या घेत होती आणि स्पीडचा काटा चढत होता. तो गावी गेला तो परतला नाही; आता ती बस मी चालवतो. शेजारच्याचा हात मोबाइलकडे गेला, की माझा पाय आधी ब्रेकवर जातो.