बांधलेला कावळा

कौआ सर वर्गात आले की आधी दार लावून घ्यायचे. मग खिडक्या, मग पंखा बंद. उज्जैनच्या एप्रिलमध्ये अख्ख्या वर्गाला कोंडून हे स्वतः टेबलावर शांत बसून राहणार. पोरं चुळबुळ करायची, घामाघूम व्हायची, एखादी रडकुंडीला यायची. तेव्हा हे विचारायचे, "घर में तोता किस-किसने पाला है?" हात वर व्हायचे आणि लगेच खालीही यायचे. मग सर दार उघडायचे. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता, कारण पालकांच्या तक्रारी मलाच ऐकाव्या लागत. पण त्या तासाला बसलेलं पोर तो तास विसरत नसे, हेही खरं. आमच्या गल्लीतल्या एकीने घरातल्या पिंजऱ्यात आता मनीप्लांट लावलाय.

एका छोट्या संस्थेतर्फे ते शाळाशाळांतून पशुपक्ष्यांबद्दल बोलत फिरायचे. वाघसिंहांना त्यांच्या तासात जागा नसे. शेर काय, कॅलेंडरवरही दिसतो, म्हणायचे. त्यांना कावळ्याबद्दल बोलायचं असे, म्हणून पोरांनी ते नाव पाडलं. आणि कावळ्याबद्दल बोलायचं कारण क्षिप्रेच्या घाटावर होतं. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी अडकलंय असं आपण मानतो. कावळे वेळेवर येईनात, तशी घाटावर माणसं येऊ लागली, पायाला सुतळी बांधलेला कावळा काखेत घेऊन. पिंडाला चोच टेकवायची की झालं. या कावळेवाल्यांशी सरांचं रोज वाजायचं. लोकांनाही ते सोडत नसत. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना भर घाटावर अडाणी म्हणायचे. मी एकदा म्हटलं, अहो, दुःखातल्या माणसाशी असं बोलतात का? तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

राहायला आमच्या समोरच. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, आई थकलेली, हे एकुलते एक आणि बिनलग्नाचे. एकदा त्यांना जंगलात राहून शिकवायचं बोलावणं आलं. जन्मभर वाट पाहावी असं काम. बॅग भरली आणि त्याच आठवड्यात वडिलांना दुसरा झटका आला. बॅग रिकामी करताना मला म्हणाले, "मीही पाळीवच की हो." हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. पुढे काकू, म्हणजे त्यांची आई, त्यांना भाजीलासुद्धा एकटं सोडेनात. कुठे गेलास, कधी येतोस, फोनवर फोन.

वडील गेले. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. पिंड मांडून झाला आणि कावळा काही येईना. ऊन चढलं, नातेवाईक घड्याळं पाहू लागले. सर लांब उभे राहून, आईला सांभाळीन, सगळं बघीन, असं पिंडाकडे बघून पुटपुटले, तेही करून झालं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू या, शास्त्रात आहे. काकू ऐकेनात. इतकी वर्षं अंथरुणात अडकलेल्या माणसाला आता गवताच्या कावळ्यावर सोडवायचं का, असं त्यांचं म्हणणं. पायऱ्यांवर कावळेवाला बसलाच होता. सर म्हणाले, आई, ते सोडून काहीही सांग.

काकू म्हणाल्या, "तुझं स्कूलमधलं स्कूलमध्ये ठेव. इथं तुझे बाबा अटकून पडलेत."

सरांनी मान खाली घातली. कावळेवाला आला. पाखरू धडपडत होतं, त्याने मानगूट धरून चोच भातात दाबली. काकूंनी हात जोडले. त्या क्षणी सरांचा चेहरा बघवत नव्हता. मला त्यांची इतकी दया आली की मी नदीकडे तोंड फिरवलं. सगळं उरकल्यावर त्यांनी तो कावळा मागून घेतला आणि सुतळी सोडली. कावळा दोन उड्या मारून तिथेच बसला. पंखाचा सांधा मोडला होता.

पुढच्याच तासाला त्यांनी दारं लावली नाहीत. झालं ते पोरांना जसंच्या तसं सांगितलं. एका मुलीने विचारलं, "सर, वो कौआ अब कहाँ है?" म्हणाले, "मेरी छत पर।"

गच्चीवर त्याला दहीभात नेऊन द्यायचं काम काकूंकडे आलं. सुरुवातीला विचारायच्या, पंख बरा होईल ना रे? नंतर विचारेनाशा झाल्या. दुसरे कावळे कठड्यावर येऊन काव काव करून उडून जायचे आणि हा मान वाकडी करून बघत राहायचा. काकू खालीच बघायच्या. एका पावसाळ्यात तो मेला, तर दोन दिवस जेवल्या नाहीत.

सर मात्र बदलले. घाटावरचं भांडण संपलं. सकाळी जाऊन कुणाच्याही दहाव्याला मागे बसायचे. अर्धा तास और रुक जाइए, मैं भी रुकता हूँ, एवढंच म्हणायचे. कधी कावळा यायचा, कधी नाही. थांबणारे मात्र वाढले. संस्थेने बाहेरगावी पाठवायचं म्हटलं तरी ते गेले नाहीत. काकूंना सोडून जाववत नव्हतं, असं मी समजते. सरांना स्वतःलाच ते नीट सांगता यायचं नाही.

गेल्या थंडीत सर अचानक गेले, छातीत कळ येऊन. दहाव्याला चुलतभाऊ बसला. काकूंना खुर्चीत घालून घाटावर आणलं होतं. सरांचे कितीतरी विद्यार्थी आले होते, आता मिशा फुटलेले, कडेवर मूल असलेले. कुणी घड्याळ पाहत नव्हतं. दुपार झाली तरी कावळा आला नाही. शेवटी चुलतभावाने हळूच पायऱ्यांकडे खूण केली आणि एकजण सुतळी गुंडाळत उठला.

"त्याला परत पाठव," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा अटकलाच असेल तर माझ्यात अटकलाय. पाखराला कशाला परेशान करता?"

चुलतभावाने त्याला हातानेच परत बसवलं. गुरुजींनी दर्भ काढले आणि कावळा करायला त्यांना गाठ मारू लागले. काकू खुर्चीतून पुढे वाकल्या.

"गुरुजी," म्हणाल्या, "गाठ जरा सैल ठेवा."