पुलापलीकडं काय होतं

लातुरात बसून मी जुन्या कॅसेटवाल्या, भिकार व्हिडिओ गेमांचा इंटरनेटवर खरपूस समाचार घेतो. एका मोटारसायकलच्या गेमची तर मी सालटीच काढली. त्यातली गाडी वळवायला पंचायतीचा ठराव लागायचा, आडवी येणारी कोंबडी उंटाएवढी होती आणि तिसऱ्या टप्प्यातला पूल गाडीसकट माणूस गिळायचा. "हा पूल कुणी ओलांडला तर मिशी उतरवीन," असं मी छाती ठोकून सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी उदगीरची मामी एसटीनं हजर. लग्नाआधी तिनं हाच गेम झिजवला होता.

"काय रे, माझ्या गेमला नावं ठेवायलास? लाव कॅसेट, आन् बघू दे समद्यांना."

मी लाइव्ह गेलो. मामीनं पुलासमोर गाडी फिरवली आणि रिव्हर्स मारत पूल पार केला. बघणाऱ्यांनी "मिशी, मिशी" असा गजर लावला.

मामीचं लक्ष मात्र पडद्यावर होतं. तिच्या काळी पूल ओलांडला की हमखास लाईट जायची, त्यामुळं पुढं काय आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. पुढं पुन्हा पहिलाच टप्पा होता. तोच रस्ता, तीच कोंबडी.

"ह्याच्यासाठी मी इतकी वर्षं तळमळले व्हय?" मामी कडाडली. "तुझ्या शिव्या लई मिळमिळीत हायत. सरक, मला बोलू दे."

मी मिशी उतरवून परत आलो, तेव्हा ती गेम बनवणाऱ्याच्या पणजोबापर्यंत पोचली होती.