पिक्चरमधल्या शिपायाला आमच्या अख्ख्या विहारानं उत्तर दिलं

मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय... येत्या रविवारी एकदा वाचनालयात तो बोर्ड लागला की मंग सांगून काही फायदा न्हाई. मोबाईलवर टाईप करून राह्यले, चुका होतील, सांभाळून घ्या.

आधीच क्लिअर करते — मी भूत, आत्मा, करणी असलं काहीच मानत न्हाई. बिलकुल न्हाई! आमच्या घरातच कुणी मानत न्हाई. लहानपणी रस्त्यातली लिंबू-मिरची ओलांडायला भ्याले होते, तर आबांनी मला ती तिथंच तीन वेळा ओलांडायला लावली. आत्ता बीएस्सी फिजिक्स सेकंड इयरला आहे, जालन्यात. म्हणून मला येडी ठरवायच्या आधी पूर्ण वाचा.

तर. आमचं गाव वाटूर. आबा म्हंजे माझ्या पप्पांचे वडील. वय ऐंशीच्या पुढं, कान तेज, डोळे तेज, फक्त गुडघे गेलेले अन् हात थरथरतात. तरुणपणी ते परतूरच्या लाईनवरच्या एका छोट्या स्टेशनात कापसाच्या गाठी चढवायचे. त्या स्टेशनात साठेक वर्षांखाली एका हिंदी पिक्चरचं शूटिंग झाल्तं. नाव सांगत न्हाई, पण तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनी तो शंभर टक्के बघितलेला असणार. ब्लॅक अँड व्हाईट, लढाईचा काळ, हिरॉइन हेर. अन् ज्या ऑफिसरचे कागद चोरायचे, नेमकं त्याच्यावरच तिचं प्रेम!

आबांची ती स्टोरी मला पाठ आहे. आमच्या घरात सगळ्यांनाच पाठ आहे.

"चाळीस माणसं पायजे होते मिल्ट्रीसाठी. आम्हा गाठीवाल्यायलाच उभं केलं. टोप कमी पडले तर घमेल्यायला हिरवा कलर मारून डोक्यावर दिले. उन्हात असे तापायचे माय, वरून भाकर भाजावी! बूट तर कुणालाच न्हाई. क्यामेरा गुडघ्याच्या वरच."

मंग आबांना एक सीन भेटला. फाटकावरचा शिपाई. हिरॉइन चोरलेले कागद घेऊन पळून चालली, शिपायानं तिचा पास बघायचा अन् सोडायचं. एवढंच. डायरेक्टर म्हणले, सिर्फ देखना, बोलना कुछ नहीं.

"पास म्हंजे काय होतं माहितीय का? धोब्याच्या कपड्याची यादी!" इथं आबा दर टायमाला हसतात. "मी ती बघितली, वापस दिली. ती बाई जाताजाता माझ्याकडं बघून हसली. आता आपल्याकडं बघून कुणी हसलं तर आपण काय म्हंतो? निघून गेलं माझ्या तोंडून — जय भीम, ताई."

डायरेक्टर कट म्हणले न्हाईत. आवाज नंतर भरायचे म्हणून चालून गेलं. अन् पिक्चर आला तेव्हा सीन होता, पण क्यामेरा हिरॉइनच्या तोंडावर. शिपाई सगळा पाठमोरा. घमेलं अन् एक कान, बस. त्या दिवसापासून गावात आबांचं नाव पडलं — 'घमेलं हिरो'. साठ वर्षं झाली, अजून म्हंतात.

आता बोर्डाचं. आमच्या वाचनालयात एक बोर्ड लागून राह्यलाय, त्या पिक्चरमध्ये काम केलेल्या आपल्या भागातल्या लोकांच्या नावांचा. बोर्ड विनायकशेठ करून देतायत. खताचं दुकान आहे त्यांचं, गावात शब्दाला वजन. यादीत अकरा नावं. आबांचं न्हाई. मी गेले दुकानात.

"तुझा आजा हमाल होता," म्हणले. "पेट्या उचलल्या असतील त्यानं. लिहू की — मदतनीस."

"शिपाई होते ते. हिरॉइनसमोर उभे होते."

"बाई, त्या काळात तुमच्या गल्लीतल्या पोराला हिरॉइनसमोर कोण उभं करील? जरा इचार कर ना."

मी विचार केला. म्हणलं, "पिक्चर दाखवते. रविवारी या आमच्या विहारात."

"पाठमोरा तर कुणीबी असतो. तोंड दाखव, नाव लिहितो."

खरं सांगते, माझ्याकडं काहीच प्रूफ नव्हतं. फक्त राग होता. वाटलं, अख्खी गल्ली बसवून बघू, मंग बघू हा माणूस सगळ्यांसमोर 'कुणीबी' कसा म्हंतो ते.

माझी मैत्रीण नाझिया जुन्या जालन्यातून क्लासचा प्रोजेक्टर घेऊन आल्ती. बसमध्ये मांडीवर धरून! उतरल्या उतरल्या म्हणली, "सर को झूट बोलके लाई मैं. फूटा तो तेरे आबाच भरते देख."

वंदना झाल्यावर, सकाळी अकराला. खिडक्यांना चादरी लावल्या तरी कडांतून ऊन येत होतं. सतरा माणसं — चहाचे कप मीच भरले, म्हणून माहितीय. विनायकशेठ अठरावे. ते आत बसले न्हाईत, चहा पण घेतला न्हाई. दारात चौकटीला टेकून उभे. त्यांच्या बाजूलाच नाझिया मोबाईल धरून, आबांची रिएक्शन शूट करायला.

संजूकाका, माझे सख्खे काका, तेपण टोमणे मारत होते. "घमेलं आलं की सांगजा रे, मी तोवर डुलकी घेतो."

आबांच्या हातांचं सांगितलंच, म्हणून चहाची बशी मी त्यांच्या ओठाला धरली होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारे. स्टेशन आलं. फाटक आलं. घमेलं आलं, सगळे हसले. हिरॉइननं पास घेतला, हसली, पुढं गेली...

अन् तो शिपाई वळला.

मी हा सीन शंभर वेळा बघितलाय, तो वळत न्हाई. त्या दिवशी वळला. सरळ आमच्याकडं! एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं, मिशी नुसती फुटलेली, घमेल्याखाली घामानं चकचकीत तोंड. आबांचे डोळे. तेच, सेम. आवाज न्हाई आला, पिक्चरचं म्युझिकच चालू होतं. पण ओठ हलले अन् काय म्हणला ते लहान लेकराला पण कळलं असतं.

आम्ही सगळे एका दमात म्हणलो — "जय भीम!"

ठरवून न्हाई हो. असं तोंडून निघतंच ना, कुणी म्हणलं की. मी म्हणले, डुलकीवाले संजूकाका म्हणले, नाझिया म्हणली. मंग सीन बदलला, विमान आलं. संजूकाका डोळे पुसत होते. माझ्या हातातली बशी सांडली तेव्हा मला कळलं मी अजून धरूनच आहे.

मी धावत लॅपटॉपकडं गेले. सीन मागं घेतला. शिपाई पाठमोरा. परत घेतला. पाठमोरा. एक-एक फ्रेम बघितली. घमेलं अन् कान.

"नाझिया, तुझा व्हिडिओ!"

व्हिडिओत पिक्चर पडत होता ती भिंत अर्धी दिसते. त्याच्यातपण शिपाई वळत न्हाई. पण... आमचा आवाज आहे. पिक्चरचं म्युझिक, एक सेकंद गॅप, अन् एकदम सगळ्यांचा "जय भीम". उत्तर रेकॉर्ड झालंय, फक्त ज्याला दिलं तो न्हाई!

तुम्ही म्हणाल आबाच बोलले असतील. न्हाई. व्हिडिओत दिसतंय, बशी त्यांच्या तोंडाला आहे, चहा पिऊन राह्यलेत. म्हणाल ठरवून केलं. अच्छा? मंग ऐका. त्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज कुणाचाय? मोबाईलच्या एकदम जवळचा, दारातला. विनायकशेठचा! ज्या माणसाला जन्मात कुणी जय भीम म्हणताना ऐकलं न्हाई तो, खणखणीत.

मी त्यांना दुकानात जाऊन ऐकवलं. दोनदा. तोंड उतरलं.

"हे एआयनं केलंय," म्हणले.

"बरं. पण त्या दिवशी तुम्ही कुणाला उत्तर दिलं, शेठ?"

गिऱ्हाईक नसताना म्हणले, गिऱ्हाईक आलंय, नंतर ये.

बोर्डाची यादी काल फायनल झाली. नावं अकराच. चालतंय! रविवारी मी पेंट घेऊन जाणारे. बाराव्या नंबरला आबांचं नाव, 'किसन, फाटकावरचा शिपाई' असं माझ्या हातानं लिहिणारे. दिवसा, सगळ्यांसमोर. पुसायचं त्यानं माझ्यासमोर पुसावं.

मी फिजिक्सवाली आहे, सांगून ठेवलंय. प्रोजेक्टर, फाईल, भिंत, उन्हाची तिरीप... सगळं तपासलं. माझ्याकडं आजपण एक्सप्लनेशन न्हाई. अठरापैकी एक माणूस सोडून सगळे म्हणले, तो एक माणूस म्हंजे आबा. काल मी विचारलं, "आबा, चहा पिऊन झाल्यावर तरी म्हणायचं. तुम्ही काऊन न्हाई म्हणले?"

आबा माझ्याकडं असे बघून राह्यले, जसं मलाच काही कळत न्हाई.

"मी कशाला म्हणू माय? मी तर आधीच म्हणलो होतो. उत्तरच यायचं राह्यलं होतं."

आता तुम्ही सांगा, अन् खरं सांगा. फोटोतल्या, पिक्चरमधल्या कुणाला तुमच्या तोंडून कधी असं उत्तर निघून गेलंय का? अन् त्या टायमाला बाजूला उभ्या माणसानंपण दिलं होतं का?