सोनपाहीचे चेंग मासे

भोगाई दासला मरळ सोडून दुसरा मासा मासाच वाटायचा नाही. मरळ हवा घ्यायला वर आली की पाण्यावर 'चुबुक' असा आवाज व्हायचा, आणि नुसत्या आवाजावर हा पठ्ठ्या भाला मारायचा. पातलदहाच्या तळ्यावर असा कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याची बायको सोनपाही मात्र बांबूची जाकोई घेऊन घरामागच्या चरात उतरायची आणि सुपानं पाखडावं तसं पाणी गाळून चेंग मासे आणायची, मरळीच्याच कुळातले पण लहानखुरे. हवा चेंगालाही वर येऊनच गिळावी लागते, पण तो इतक्या गुपचूप येतो की पाणी हलत नाही.

"आणलीस गटारातली जहागीर?" भोगाई खिजवायचा.

"तुमची मरळ आली की गावभर डंका. माझा चेंग बिचारा मुका," भाजलेल्या चेंगात मोहरीचं तेल नि मिरची कुस्करत ती म्हणायची. "गिळा आता मुकाट्यानं."

हा बोटं चाटून खायचा आणि वर नावंही ठेवायचा. काय दिवस होते ते!

सोनपाही गेली. मागच्या हिवाळ्यात रस्त्यासाठी चरही बुजवला. तेव्हा मुलीनं, जोनमणीनं, चेंगांची एक जोडी वाचवून पडवीतल्या काचेच्या टाकीत ठेवली. आईच्या चरातलं तेवढंच उरलं होतं. भोगाई तासन्‌तास टाकीसमोर बसून राहायचा.

पावसाळ्यात जोडीला पिल्लं झाली. एका सकाळी नर तोंड वासून पिल्लांवर गेला आणि पिल्लं दिसेनाशी झाली. मरळीची जोडी आपल्या लाल पिल्लांचा थवा डोळ्यांत तेल घालून राखते, पण पुढे तीच त्यांना गिळते, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं.

"मेल्या, पोटची पोरं खातोस?"

त्यानं नराला बाहेर काढलं आणि गळाला लागलेल्या मरळीचा जबडा उघडतात तसा अंगठ्यानं उघडला. पिल्लं जमिनीवर सांडली. वळवळत होती, जिवंत!

जोनमणी हातमागावरून उठून बापाकडे धावत आली. "देउता, सोडा त्याला! चेंगाचा बाप पिल्लं तोंडात सांभाळतो. उपाशी राहतो त्यांच्यापायी. गळा फुगलेला चेंग आई नेहमी परत सोडायची."

"मला कधी बोलली नाही."

"बोलायची. तुम्ही हसायचात."

नराला पाण्यात सोडून भोगाईनं ओल्या तळव्यानं एकेक पिल्लू उचलून टाकीत सोडलं. काही हललीच नाहीत. नर कोपऱ्यात दडून बसला.

"तुमची सावली पडतेय. मागे व्हा."

तो दाराआड जाऊन बसला. "तोंडात घेतो का गं?"

"अजून नाही."

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"घेतोय, देउता! एक घेतलं. आणखी एक."

भोगाईनं गमछा तोंडाला लावला. "एवढा संसार केला गं," तो हुंदके देत म्हणाला, "आणि तिचा मासा एकदाही नीट बघितला नाही."